‘मी केला’ म्हणजे काय केले?

‘मी ॲम्प्लिफायर केला’ या मराठी वाक्यातले क्रियापद करणाऱ्याकडे ढुंकूनही पाहत नाही. मी केला, तिने केला, त्यांनी केला. रूप तेच राहते. ते बदलते केलेल्या वस्तूप्रमाणे: ॲम्प्लिफायर केला, पेटी केली, कपाट केले. शाळेत याला कर्मणी प्रयोग म्हणतात, आणि परीक्षेपुरता तो ओळखता आला की आपण त्याला विसरून जातो. पण बाजारातून किट आणून घरी हाय-फाय ॲम्प्लिफायर जोडणाऱ्या माणसाला कोणी ‘हा तुम्ही केलात?’ असे विचारले, की तो क्षणभर अडखळतो. ‘हो’ म्हणावे तर जरा जास्तच होते, ‘नाही’ म्हणावे तर खोटे होते. मग तो ‘केला म्हणजे, जोडला,’ असे काहीतरी पुटपुटतो. या अडखळण्यात थोडा विनय असतो, पण त्यामागे एक खरा प्रश्नही असतो. ‘केला’ म्हणताना आपण नेमका कशावर हक्क सांगतो?

आधी किट म्हणजे काय ते पाहू. हौशी मंडळींच्या आवडीचे एक किट एलएम 3886 या चिपभोवती रचलेले असते. अकरा पायांची ही चिप मुळात नॅशनल सेमीकंडक्टर या अमेरिकी कंपनीची. ती कंपनी 2011 मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने विकत घेतली. किटच्या पुडक्यात छापील सर्किटचा बोर्ड असतो, डाव्या-उजव्या बाजूंसाठी दोन चिप असतात, मूठभर रेझिस्टर आणि कपॅसिटर असतात. ट्रान्सफॉर्मर, हीट सिंक आणि धातूची पेटी बहुधा वेगळी शोधावी लागते: मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तपकीर गल्लीत, बंगळुरूत एस. पी. रोडला, चेन्नईत रिची स्ट्रीटवर, दिल्लीत लाल किल्ल्यासमोरच्या लजपतराय मार्केटात. शहरागणिक दुकानदाराची भाषा बदलते, वस्तूंची नावे मात्र सगळीकडे तीच.

मग काम सुरू होते. रेझिस्टरवरचे रंगीत पट्टे वाचायचे. तपकिरी, काळा, लाल म्हणजे एक हजार ओहम. मल्टिमीटर लावून खात्री करून घ्यायची. पाय वाकवून बोर्डाच्या भोकांत बसवायचे आणि डाख द्यायचा. सोल्डरिंगला हा जुना मराठी शब्द आहे आणि तो अजून चांगला चालतो. डाख नीट बसला की तो पायाभोवती पसरून चकाकतो. नीट तापला नाही तर मळकट गोळी होऊन बसतो, वरून चिकटलेला दिसतो आणि महिन्याभराने दगा देतो. चिप आणि हीट सिंक यांच्यामध्ये अभ्रकाची पातळ चकती बसवायची. दोन-तीन रविवार जातात. शेवटी पेटीचे झाकण बसते आणि गाणे वाजू लागते.

यातले त्या माणसाने काय केले? सर्किट त्याने आखले नाही. चिपच्या आत काय चालते, हे त्याला ढोबळमानानेच माहीत असते. आवाज किती पट वाढवायचा हे दोन रेझिस्टर ठरवतात, एक वीस हजार ओहमचा आणि एक हजाराचा. त्यांच्यामुळे ही वाढ एकवीस पट होते. पण हे आकडेही चिप बनवणाऱ्यांनीच आपल्या माहितीपत्रकात देऊन ठेवलेले असतात. त्याहून मागे गेले तर त्या दोन रेझिस्टरांमागची कल्पना हॅरोल्ड ब्लॅक नावाच्या अभियंत्याची आहे. 2 ऑगस्ट 1927 रोजी हडसन नदी ओलांडणाऱ्या फेरीबोटीतून न्यूयॉर्कला कामावर जाताना ती त्याला सुचली, आणि हाताशी असलेल्या न्यूयॉर्क टाइम्सच्या पानावरच त्याने ती लिहून काढली. बाहेर पडणाऱ्या आवाजाचा थोडा अंश उलटा करून परत आत आणायचा, म्हणजे मूळ आणि निपज यांत जो फरक पडला असेल तो आपोआप कमी होतो. याला ऋण प्रतिपोषण म्हणतात. त्याची किंमतही मोठी असते. या चिपची स्वतःची ताकद आवाज काही लाख पट वाढवण्याची. त्यातली जवळजवळ सगळी सोडून द्यायची आणि एकवीस पटीवर समाधान मानायचे, तेव्हा कुठे आवाज खरा राहतो.

घरी ॲम्प्लिफायर जोडण्याची परंपराही उसनीच आहे. डी. टी. एन. विल्यमसन या ब्रिटिश अभियंत्याने 1947 मध्ये ‘वायरलेस वर्ल्ड’ मासिकात आपल्या ॲम्प्लिफायरचा संपूर्ण आराखडा छापला आणि तो वाचून देशोदेशीच्या लोकांनी घरी ॲम्प्लिफायर बांधले. त्याच वर्षी अमेरिकेत मिशिगनमधल्या हीथ कंपनीने आपले पहिले इलेक्ट्रॉनिक किट विकायला काढले. पुढे विल्यमसनच्या आराखड्यावर बेतलेली किटेही तिने विकली. त्या किटांबरोबरच्या पुस्तिका प्रसिद्ध होत्या. प्रत्येक पायरीपुढे एक रिकामा कंस असे. पायरी झाली की त्यात खूण करायची. विचार करण्याचे काम पुस्तिका लिहिणाऱ्याने आधीच केलेले होते. जोडणाऱ्याने खुणा करत जायचे.

तेव्हा श्रेय वाटायला बसले तर जोडणाऱ्याच्या वाट्याला फारच थोडे येते. यावर लगेच सुचणारे उत्तर असे: गाण्यातही तसेच नाही का? बंदिश दुसऱ्याची असते, राग कोणा एकाचा नसतो, तरी गाणे गाणाऱ्याचेच असते. पण ही तुलना किटला फार मोठेपण देते. गायक बंदिशीत जागा शोधतो, तिथे तो स्वतः दिसतो. किट जोडणाऱ्याने जागा शोधू नये अशीच अपेक्षा असते. वीस हजाराच्या जागी मनाला वाटले म्हणून दोन लाख ओहम घातले तर तिला कोणी प्रतिभा म्हणणार नाही. त्यापेक्षा कमलाबाई ओगल्यांच्या ‘रुचिरा’तून शिकलेल्या स्वयंपाकाची तुलना जवळची. वाटीचमच्याचे माप कमलाबाईंचे. पण पोळी करपली तर त्याचा दोष कमलाबाईंकडे जात नाही. या उदाहरणाकडे पुन्हा यायचे आहे.

श्रमाच्या बाजूने एक तात्त्विक वकिली फार जुनी आहे. जॉन लॉक या इंग्रज तत्त्वज्ञाचे म्हणणे असे की, माणसाचे श्रम त्याचे स्वतःचे असतात, आणि ज्या वस्तूत तो ते मिसळतो ती वस्तू त्याची होते. यावर रॉबर्ट नोझिकने 1974 मध्ये एक खट्याळ प्रश्न विचारला. मी माझ्या मालकीचा टोमॅटोचा रस समुद्रात ओतला, तर समुद्र माझा झाला की मी माझा रस वाया घालवला? किट जोडणाऱ्याला हा प्रश्न नीट लागू पडतो. शंभर वर्षांच्या ज्ञानाच्या समुद्रात आपण दोन रविवारांचे श्रम ओततो आणि म्हणतो, हा माझा.

आणि असे म्हणावेसे वाटते, हे तर प्रयोगांत दिसलेले आहे. मायकेल नॉर्टन, डॅनियल मोचोन आणि डॅन एरिएली यांनी 2012 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांना खोकी जोडायला, कागदाच्या घड्या घालून आकृती करायला दिल्या. स्वतः केलेल्या वस्तूला लोक जास्त किंमत द्यायला तयार होते. आपल्या वेड्यावाकड्या आकृत्यांचे मोल इतरांनाही तेवढेच वाटेल, अशी त्यांची समजूत होती. इतरांना ते वाटत नव्हते. म्हणजे आपल्या हाताचे प्रेम आपल्या डोळ्यांवर येते. ॲम्प्लिफायरच्या बाबतीत ते कानांवर येते. स्वतः जोडलेल्या ॲम्प्लिफायरवर तंबोरा अधिक भरदार वाटतो, तबल्याच्या चाटीवरची बोटे वेगवेगळी ऐकू येतात. आवाजाची पातळी सारखी ठेवून, कोणते यंत्र वाजते आहे हे लपवून ऐकले, तर यातले किती उरेल हे कबूल करायला धैर्य लागते.

इथे आपल्याकडचे एक उत्तर आठवते. गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्मामागे पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करणे, चेष्टा आणि दैव. म्हणजे कामाची जागा, करणारा, साधने, हालचाली आणि पाचवे आपल्या हातात नसलेले. जो स्वतःला एकट्यालाच कर्ता समजतो त्याला नीट दिसत नाही, असे पुढे म्हटले आहे. रविवारच्या टेबलावर ही यादी किती नेमकी बसते पाहा. टेबल आहे, माणूस आहे, सोल्डरिंगची कावी आहे, चिप आहे, हातांच्या हालचाली आहेत; आणि पुडक्यातला कपॅसिटर अस्सल निघाला की नकली, हे दैव आहे. पाचांत एक, एवढाच आपला वाटा. मनाला शांत करणारे हे उत्तर आहे आणि श्रेयाच्या बाबतीत ते पुरेसेही आहे.

अडचण येते ती अर्थिंगपाशी.

आपल्या घरातली वीज 230 व्होल्टची. ती ॲम्प्लिफायरच्या पेटीत शिरते आणि ट्रान्सफॉर्मरपर्यंत जाते. पेटी धातूची असते, म्हणून प्लगच्या तिसऱ्या पिनेपासून येणारी हिरवी तार पेटीला स्वतंत्र बोल्टने, रंग खरवडून, घट्ट आवळायची असते. पुढे कधी आतली फेजची तार सुटून पेटीला लागली, तर वीज या तारेतून जमिनीत जाते, फ्यूज उडतो, आणि यंत्र बंद पडते. ही तार सैल असेल तर फ्यूज उडत नाही. पेटीवर 230 व्होल्ट येऊन बसतात आणि गाणे कदाचित तितकेच गोड वाजत राहते. आवाजात काही म्हणजे काही फरक पडत नाही. मग कोणीतरी आवाज कमी करायला हात लावतो.

त्या वेळी पाच कारणांची यादी पुढे करता येईल का? त्या सैल बोल्टशी हॅरोल्ड ब्लॅकचा संबंध नाही, चिप करणाऱ्यांचा नाही, किटवाल्याने तर ट्रान्सफॉर्मरही दिलेला नव्हता. खरे तर गीता ही पाच कारणे बऱ्या आणि वाईट दोन्ही कर्मांना लावते. पण कर्म कशामुळे घडले हा एक प्रश्न, आणि त्याबद्दल उत्तर कोणी द्यायचे हा दुसरा. पहिल्याची उत्तरे वाटून घेता येतात. दुसऱ्याचे उत्तर बोल्ट आवळणाऱ्या हाताशी येऊन थांबते. करपलेल्या पोळीचेही तेच होते. कमलाबाईंचे माप बरोबर असते; तव्यापाशी उभे कोण होते, एवढेच विचारायचे असते.

म्हणून मला वाटते की ‘मी केला’ हे वाक्य भूतकाळाचे दिसत असले तरी त्याचा खरा भार पुढच्या काळावर आहे. मागे पाहून श्रेय मोजू लागलो तर ते विरघळत जाते. पुढे पाहिले तर त्याचा अर्थ असा होतो: याचे काही झाले तर मला विचारा.

हा अर्थ मान्य केला तर आपल्या एका जुन्या व्यवहाराकडे पुन्हा पाहावे लागते. घरोघरी ब्रँडेड म्युझिक सिस्टिम येण्याआधी गावोगावी ॲम्प्लिफायर करणारे कारागीर होते. लग्नाचा मांडव, गणेशोत्सवाचे मंडळ, देवळातले कीर्तन, निवडणुकीची जीप, यांच्यासाठी लागणारी यंत्रे ते छोट्या दुकानात बसून जोडत. त्यांच्या वस्तूला एक शब्द होता: असेंबल्ड. तो कौतुकाचा नव्हता. ‘कंपनीचा आहे की असेंबल्ड?’ या प्रश्नातच पाडून मागायची किंमत दडलेली असे. तेच काम आज शहरातला पगारदार माणूस सुट्टीच्या दिवशी करतो तेव्हा त्याला छंद म्हणतात, कारागिरी म्हणतात, कधी कधी साधनाही म्हणतात. डाख तोच, बोर्डही तसाच. फरक एवढाच की एकाच्या हाताला पोटासाठी काम करावे लागत होते आणि दुसऱ्याच्या हाताला तसे करावे लागत नाही. हाताने काम करणाऱ्यांना खालचे मानण्याची आपली सवय जुनी आहे. कोणाचे हात आहेत हे पाहून ती कामाचे नाव बदलते.

पण उत्तरदायित्व हेच माप धरले तर पारडे त्या दुकानातल्या माणसाकडे झुकते. मंडळाचा ॲम्प्लिफायर आरतीच्या वेळी बंद पडला तर त्यालाच बोलावणे जाई. जळलेला ट्रान्झिस्टर तो तिथेच बदलून देई. गावात राहायचे असल्यामुळे ‘तो मी केलेला नाही’ असे म्हणण्याची सोय त्याला नव्हती. त्याने कोणाचा आराखडा वापरला हे गिऱ्हाइकाने कधी विचारले नाही, त्यानेही सांगितले नाही. तरीही ‘मी केला’ म्हणण्याचा अधिकार त्याने रोज कमावला. रविवारी छंद करणाऱ्याने तो अजून कमवायचा असतो.

कोणी म्हणेल, एवढा विचार कशाला? माणूस स्वतःच्या खोलीत स्वतःच्या आनंदासाठी काही जोडतो, त्यात नीतीचा प्रश्न कुठे आला? पूर्वी निदान पैसे वाचत. हीथकिटच्या भरात मजुरी वाचायची, म्हणून किट स्वस्त पडे; तयार वस्तूच स्वस्त झाल्यावर ते गणित उलटले आणि 1992 मध्ये कंपनीने किटांचा धंदा बंद केला. आज घरी ॲम्प्लिफायर जोडणे हे काटकसरीचे कारण सांगून करता येत नाही. तो आनंदासाठीच करायचा असतो, हे मान्य. पण घरात आपण एकटे नसतो, आणि आनंदाने केलेली वस्तू फार दिवस आपल्याकडे राहत नाही. भाची म्हणते, मामा, मलाही एक करून दे. मित्र म्हणतो, पैसे घे पण कर. खरी परीक्षा तिथे आहे.

कारखान्यातून आलेल्या यंत्रामागे तपासणी असते, शिक्का असतो, तक्रारीचा पत्ता असतो. हे सगळे नेहमी चोख असते असे नाही, पण असते. घरी केलेल्या यंत्रामागे एक माणूस असतो, दुसरे काही नाही. तेव्हा ते देण्याआधी त्या एका माणसाने काय काय करायला हवे, याची यादीच नीतीचा मजकूर होऊन बसते. विजेची तार ओढली तरी आतून सुटणार नाही अशी पकडलेली हवी. उघड्या सांध्यांवर नळी चढवलेली हवी. मोठे कपॅसिटर बटण बंद केल्यावरही भार धरून ठेवतात. तो उतरवणारा रेझिस्टर हवा, कारण पुढे कधी झाकण उघडणाऱ्याला हे माहीत असेलच असे नाही. पहिल्यांदा वीज देताना मालिकेत साधा पिवळा बल्ब लावून पाहायला हवे. आत काही चुकीचे जोडले असेल तर बल्ब भगभगून पेटतो आणि यंत्र वाचते. स्पीकर जोडण्याआधी त्याच्या टोकांवर मल्टिमीटर धरायला हवा. आणि ज्याच्या घरी ते जाणार, त्याच्या भिंतीतल्या तिसऱ्या भोकामागे खरोखर अर्थिंग आहे का, हे जाऊन बघायला हवे. शेवटची गोष्ट सर्वांत अवघड, कारण ती आपल्या टेबलापाशी बसून होत नाही. भाचीच्या घरी जावे लागते, तिच्या घरमालकाशी बोलावे लागते.

यातली एकही गोष्ट ऐकू येत नाही. हे मला या छंदाबद्दल सर्वांत शिकण्यासारखे वाटते. हाय-फाय या शब्दातली फिडेलिटी म्हणजे इमान. मूळ आवाजाशी इमान. विल्यमसनसारख्यांची धडपड यासाठीच होती की ॲम्प्लिफायरने स्वतःचे काही मिसळू नये, बाईंचा आवाज बाईंचाच राहावा. कुंभाराच्या मडक्यावर त्याची बोटे दिसली तर ते मोलाचे वाटते. ॲम्प्लिफायरवर करणाऱ्याची बोटे ऐकू आली तर तो बिघडलेला असतो. ज्याने तो चांगला केला तो त्यात कुठेच सापडत नाही. आणि हे इमान दोन दिशांना राखायचे असते: एकीकडे गाणाऱ्याशी, दुसरीकडे ऐकणाऱ्याशी. पहिले निदान मीटरवर मोजता येते. दुसरे झाकणाखाली राहते, आणि सगळे नीट असेल तर आयुष्यभर कोणाच्या लक्षात येत नाही.

मग नाव कुठे घालायचे? पेटीच्या पुढच्या पट्टीवर, आवाजाच्या बटणाशेजारी, आपले नाव कोरून घेण्याची हौस पुष्कळांना असते आणि त्यात वाईट काही नाही. पण ते नाव पाहुण्यांसाठी आहे. त्याहून उपयोगाची जागा झाकणाच्या आतली बाजू. तिथे सर्किटचा कागद घडी करून चिकटवावा. फ्यूज किती अँपिअरचा, ट्रान्सफॉर्मर किती व्होल्टचा, कोणत्या तारखेला जोडला, हे लिहावे. खाली आपले नाव आणि फोन नंबर. वीस वर्षांनी एखाद्या गावातला दुरुस्तीवाला स्क्रू काढून आत पाहील तेव्हा सर्किट कुणी शोधले हे त्याला नको असेल. पुढे काय करायचे आणि कोणाला विचारायचे, एवढे त्या कागदावरून त्याला कळावे.